गाजर गवताचे आक्रमण आणि गायरानातील मूळ गवत

गायरान म्हणजे ज्या जमिनीचा काही उपयोग नाही अशी जमीन, हा समज आपल्याकडे फार रूढ झाला आहे. वस्तुतः चांगल्या स्थितीतील गायरानाइतके व्यवस्थितपणे चालणारे दुसरे शेत गावात क्वचितच आढळेल. तेथे कोणी नांगरट करीत नाही, बी पेरीत नाही की खत घालीत नाही. तरीही मृगाचा पाऊस पडताच जमीन हिरवी होते आणि दिवाळीपर्यंत गुडघाभर गवत उभे राहते. हे गवत एका जातीचे नसते. खोलगट व काळ्या जागेत मारवेल, मध्यम जमिनीत पवन्या व शेडा, मुरमाड उतारावर डोंगरी आणि जेथे काहीच टिकत नाही अशा खडकाळ माथ्यावर कुसळी, अशी जागेची वाटणी त्यांनी आपसांत करून घेतलेली असते. त्यांच्या पायथ्याशी बरबडा, रानमूग यांसारख्या शेंगावर्गीय वनस्पती वाढतात आणि आपल्या मुळांवरील गाठींच्या द्वारे हवेतील नत्र जमिनीस पुरवितात. कोणाची मुळे उथळ असतात, कोणाची खोल जातात. कोणी आषाढात वाढते, कोणी भाद्रपदात. एकाच जागी निरनिराळ्या वेळी व निरनिराळ्या थरांतून पाणी घेऊन नांदणाऱ्या अशा वनस्पतींच्या समुदायास वनस्पतिसमूह असे म्हणतात.

या समूहावर गावातील कोणाचे जीवन अवलंबून आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ज्याच्याकडे बागायत आहे तो कडवळ, मका किंवा संकरित गजराज गवत लावून जनावरांची सोय करू शकतो. परंतु ज्या कुटुंबाकडे जमीन नाही, दोन शेळ्या व एखादी गाय एवढेच ज्याचे भांडवल आहे, त्याला गायरान हेच शेत होय. मेंढरांचे कळप घेऊन फिरणाऱ्या धनगरांचीही तीच गोष्ट आहे. गायरानातील गवत गेले म्हणजे पहिला घाला या लोकांवर पडतो. त्यांच्या नुकसानीची नोंद कोणत्याही पीक-आणेवारीत होत नाही, म्हणूनच या प्रश्नाकडे ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

परकी वनस्पती व आक्रमक वनस्पती

परदेशातून आलेली प्रत्येक वनस्पती अपायकारक असते असे मुळीच नाही. मिरची, मका, भुईमूग, बटाटा, टोमॅटो, पेरू व सीताफळ ही सर्व अमेरिका खंडातून आपल्याकडे आली आणि आज ती आपल्या घरची झाली आहेत. ती माणसाच्या हाताखाली राहतात. पेरली तर उगवतात, निगा न राखल्यास मागे पडतात. याउलट हराळी व लव्हाळा ही आपल्याकडील फार जुनी तणे असून ती शेतकऱ्यास त्रास देतात हे खरे. परंतु माळावर त्यांना खाणारे जनावर, किडी व रोग आणि त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या इतर वनस्पती असल्याने ती आपल्या मर्यादेत राहतात.

जी वनस्पती दुसऱ्या मुलुखातून येते, येताना आपले नैसर्गिक शत्रू मागे ठेवून येते, कोणी न पेरता पसरते आणि पसरताना मूळच्या वनस्पतींना त्यांच्या जागेवरून हुसकावून लावते, तिलाच आक्रमक वनस्पती म्हणावे. महाराष्ट्रातील माळरानांपुरता विचार केला तर अशा वनस्पतींत गाजर गवताचा क्रमांक वरचा लागतो. डोंगरउतार व वनजमिनीत घाणेरी किंवा टणटणी हिचा उपद्रव मोठा आहे, कोकणात रानमोडीचा आहे, तर नदीनाल्यांत व तलावांत जलपर्णीचा आहे.

गाजर गवताचा इतिहास

गाजर गवत हे नावाने गवत असले तरी गवताच्या कुलातील नाही. ते सूर्यफूल व शेवंती यांच्या कुलातील असून त्याची पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली असल्याने त्यास हे नाव पडले. काँग्रेस गवत, पांढरफुली, चटक चांदणी अशीही नावे त्यास निरनिराळ्या भागांत आहेत. त्याचे मूळ स्थान उष्ण कटिबंधातील अमेरिका हे होय.

भारतात या वनस्पतीकडे लक्ष वेधले गेले ते पुण्यात. १९५५ साली ती तेथे आढळली आणि १९५६ साली वनस्पतिशास्त्रीय नोंदीत तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. अमेरिकेतून पी. एल. ४८० या योजनेखाली आलेल्या गव्हाबरोबर तिचे बी आले, असे सर्वत्र सांगितले जाते. तथापि त्या योजनेचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, म्हणजे पुण्यातील आढळ त्यापूर्वीचा आहे. शिवाय एकोणिसाव्या शतकात भारतात गोळा केलेले तिचे नमुनेही जुन्या वनस्पतिसंग्रहांत मिळाले आहेत. तेव्हा बी नेमके कोणत्या पोत्यातून आले, या वादात फारसे तथ्य नाही. आलेले बी इतक्या झपाट्याने का पसरले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पुढील दोन-तीन दशकांत ही वनस्पती देशाच्या बहुतेक भागांत पोहोचली, आणि कर्नाटक राज्याने तर १९७५ मध्येच तिला कायद्याने उपद्रवी तण म्हणून घोषित केले.

घाणेरीची कथा याहून जुनी आहे. १८०९ साली कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेचे झुडूप म्हणून ती लावण्यात आली. तिची रंगीबेरंगी फुले पाहून लोकांनी तिचे कुंपण केले. बुलबुल, साळुंकी इत्यादी पक्ष्यांनी तिची काळी फळे खाल्ली व बी रानोमाळ नेले. आज देशातील जंगलांचा फार मोठा भाग तिने व्यापलेला आहे.

मूळ वनस्पती मागे का पडतात?

गाजर गवत मूळ गवतास कसे हटविते, हे नीट समजले तरच त्यावरील उपायही समजेल. त्याची कारणे पाच आहेत.

पहिले कारण बियांची संख्या व वाढीचा वेग. एक चांगले वाढलेले झाड १५,००० ते २५,००० बिया देऊ शकते. बी अत्यंत बारीक व हलके असते. ते वाऱ्याने, पाटाच्या पाण्याने, मोटारींच्या चाकांस लागलेल्या चिखलाने, जनावरांच्या खुरांनी, मुरूम-वाळूच्या वाहतुकीने व कच्च्या शेणखतातून दूरवर जाते. ओल मिळाल्यास ते वर्षाच्या कोणत्याही महिन्यात उगवते आणि उगवल्यापासून चार ते आठ आठवड्यांत फुलावर येते. आपली बहुवर्षायू गवते मात्र वर्षातून एकदाच, पावसाळ्याच्या अखेरीस बी धरतात. मातीत खोल गाडले गेलेले गाजर गवताचे बी कित्येक वर्षे जिवंत राहते. म्हणजे एका वर्षी केलेली हयगय पुढील अनेक वर्षे फेडावी लागते.

दुसरे कारण त्याच्या वाढीची पद्धत. रोप लहान असताना त्याची पाने जमिनीस चिकटून गोलाकार पसरतात व खालची जागा झाकून टाकतात. त्या पानांखाली गवताच्या बारीक रोपास ऊन मिळत नाही. गवत उंच व दाट असेल तर गाजर गवताचे रोपटेच सावलीत कोमेजते. पण जमीन उघडी असेल तर डाव उलटतो.

तिसरे कारण रासायनिक आहे. या वनस्पतीच्या मुळांतून, पानांतून व कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून पार्थेनिन व इतर काही द्रव्ये जमिनीत उतरतात. ती दुसऱ्या वनस्पतींच्या बियांची उगवण व रोपांची वाढ रोखतात, शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींचे कामही मंदावते. त्यामुळे बरबडा, रानमूग यांसारख्या नत्र पुरविणाऱ्या वनस्पती कमी होतात आणि पाठोपाठ जमिनीचा कसही उतरतो.

चौथे कारण परागांचे. गाजर गवताचे पराग विपुल असतात व वाऱ्याबरोबर उडतात. ते दुसऱ्या वनस्पतींच्या फुलांवर बसल्यास त्यांची फलधारणा घटते. टोमॅटो, मिरची, वांगी यांसारख्या पिकांवरील प्रयोगांतून ही गोष्ट दिसून आली आहे. बांधावरील गाजर गवत उपटण्यात आपल्या पिकाचाच लाभ आहे, हे शेतकऱ्यांना यावरून पटवून देता येईल.

पाचवे कारण सर्वांत महत्त्वाचे असून त्याचा संबंध वनस्पतीपेक्षा माणसाशी अधिक आहे. ते म्हणजे चराई. जनावर गोड गवत प्रथम खाते. मारवेल व पवन्या यांस ते वेचून वेचून खाते आणि गाजर गवतास तोंड लावीत नाही. गायरानात क्षमतेपेक्षा अधिक जनावरे बारा महिने सोडली म्हणजे चांगल्या गवतास बी धरण्याची उसंतच मिळत नाही. त्याचे ठोंब झिजतात, मुळे आखडतात व ठोंबांमधील जमीन उघडी पडते. त्या उघड्या जागेत गाजर गवत उगवते. ते वाढल्यावर चरण्याजोगी जागा आणखी कमी होते, म्हणून उरलेल्या गवतावर चराईचा भार आणखी वाढतो. असे हे चक्र फिरत राहते. प्रत्येक फेऱ्यात मूळ गवत एक पाऊल मागे व परके तण एक पाऊल पुढे जाते.

यासंबंधी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांताचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे १९६० च्या सुमारास अमेरिकेतून आणलेल्या कुरणाच्या बियाण्यात मिसळून गाजर गवताचे बी आले व पुढे विस्तीर्ण कुरणांत पसरले. ज्या कुरणांत बेताची चराई होती व गवताचे आच्छादन दाट होते तेथे त्यास फारसा शिरकाव मिळाला नाही; जेथे अतिचराईने जमीन उघडी पडली होती तेथे त्याने ठाण मांडले. यावरून असे स्पष्ट होते की, आक्रमक वनस्पती बहुधा मोडलेल्या दारातूनच घरात शिरते. गवताचे दाट आच्छादन हेच ते दार होय.

हानीची व्याप्ती

वनस्पतिसमूह मोडण्याचा क्रम साधारणपणे असा आढळतो. प्रथम सर्वांत पौष्टिक बहुवर्षायू गवते नाहीशी होतात. त्यांची जागा कुसळीसारखी कमी प्रतीची गवते घेतात. त्यानंतर एका पावसात संपणारी हलकी वर्षायू गवते उरतात आणि शेवटी गाजर गवताचे एकछत्री राज्य होते. वरून पाहता रान हिरवेच दिसते. परंतु त्या हिरवाईत जनावराच्या तोंडचा एकही घास नसतो.

हानी चाऱ्यापुरती मर्यादित राहत नाही. बांधावर व माळावर पावसाळ्यात उगवणाऱ्या कुर्डू, पाथरी, घोळ, माठ यांसारख्या रानभाज्यांची जागा आक्रसते. गवताच्या दाट मुळ्या जाऊन त्या जागी एकच सोटमूळ असलेले तण आल्याने उतारावरील माती पावसाने वाहून जाते. गवतात घरटी करणारे पक्षी व गवतावर जगणारे कीटक यांचा निवारा जातो. चारा नसल्याने नाइलाजाने जनावराने हे तण खाल्ले तर दुधास कडवटपणा येतो. माणसासही त्याच्या स्पर्शाने अंगावर पुरळ व खाज उठते, आणि परागांमुळे शिंका, सर्दी व दम्याचा त्रास होतो.

जंगलातील हानीचे प्रमाण कसे वाढते याचे एक उदाहरण कर्नाटकातील बिळिगिरी रंगन टेकड्यांचे आहे. तेथे संशोधकांनी ठरावीक जागांची पाहणी १९९७ व २००८ अशी दोनदा केली. पहिल्या पाहणीत सुमारे ४० टक्के जागांत घाणेरी होती. अकरा वर्षांनी ती सुमारे ८० टक्के जागांत आढळली. दाट घाणेरीखाली मूळच्या वृक्षांची रोपे तग धरीत नाहीत. आजचे मोठे वृक्ष उभे असतात म्हणून रान शाबूत आहे असे वाटते. परंतु त्यांची जागा घेणारी पिढी खाली तयार होत नसते. घाणेरीचा पाला जनावरांस विषारीही आहे. तो खाल्ल्यास यकृत बिघडते, कावीळ होते व उन्हाने नाक, कान इत्यादी ठिकाणची कातडी भाजल्यासारखी होऊन सोलते.

भुंग्याची मदत व तिच्या मर्यादा

परक्या तणाचे शत्रू त्याच्या मायदेशी राहिलेले असतात, म्हणून ते शोधून आणावेत हा विचार ओघानेच आला. आपल्या देशास या मार्गाचा जुना अनुभव आहे. दक्षिण भारतात माजलेल्या फड्या निवडुंगाचा नायनाट १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या एका कोचिनील किडीने मोठ्या प्रमाणावर केला.

गाजर गवतासाठी १९८३ मध्ये मेक्सिकोतून एक भुंगा बंगळूर येथे आणण्यात आला व आवश्यक चाचण्यांनंतर १९८४ मध्ये तो सोडण्यात आला. त्यास मेक्सिकन भुंगा म्हणतात. तो आकाराने लहान असून त्याच्या मळकट पांढऱ्या पाठीवर गडद रेषा असतात. भुंगा व त्याच्या अळ्या या दोन्ही गाजर गवताची पाने व शेंडे खातात. पुढे १९९० नंतरच्या काळात तो सूर्यफुलावर आढळल्याने शेतकऱ्यांत चिंता पसरली होती; परंतु चौकशीअंती सूर्यफुलास त्यापासून खरा धोका नसल्याचे दिसून आले. महाराष्ट्रात तो आता अनेक ठिकाणी स्थिरावला आहे. ज्या गावात तो नसेल तेथे पावसाळ्याच्या सुरुवातीस दाट तण असलेल्या एका जागी ५०० ते १,००० भुंगे सोडावेत.

तथापि भुंग्यावर सर्व भार टाकून स्वस्थ बसणे योग्य नाही. तो पावसाळ्यात काम करतो. थंडी व उन्हाळ्यात जमिनीत दडून बसतो. ओलिताच्या कडेने उन्हाळ्यात वाढणारे तण त्यामुळे वाचते. आणि मुख्य गोष्ट अशी की, भुंगा तण खाऊन जागा मोकळी करतो. त्या जागी गवत लावणे हे त्याचे काम नव्हे.

मोकळी जागा कोण भरणार?

आजवरच्या अनेक मोहिमा फसल्या त्या येथेच. लोकांनी उत्साहाने गाजर गवत उपटले, ढीग जाळले, फोटो काढले. पुढच्या पावसात त्याच जागी तेच तण पुन्हा उगवले, नाहीतर दुसरे आले. निसर्गात रिकामी जागा रिकामी राहत नाही. ती मूळ गवताने भरली नाही तर मातीत ज्याचे बी अधिक आहे त्याच्याकडे ती जाते.

याचे एक बोलके उदाहरण दख्खनच्या पठारावरच पाहावयास मिळते. गाजर गवतास दाबून टाकणारी वनस्पती म्हणून तरोट्याच्या जातीचे एक अमेरिकन झुडूप लावावे, अशी शिफारस काही वर्षांपूर्वी कर्नाटकात व इतरत्र करण्यात आली होती. त्याने काही जागी गाजर गवत हटविले हे खरे. परंतु ते स्वतःच परके असल्याने रस्त्यांच्या कडेने व पडजमिनीत पसरत गेले आणि गवताची जागा गवतास परत मिळालीच नाही.

कच्छमधील बन्नीच्या गवताळ प्रदेशातही याच प्रकारचा धडा मिळाला. रणाची वाढ थोपविण्यासाठी १९६१ च्या सुमारास तेथे वेडी बाभूळ लावण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु पुढील काळात या झाडाने एके काळी पशुपालनासाठी प्रसिद्ध असलेल्या कुरणाचा मोठा भाग व्यापला. तेव्हा उजाड जागा दिसली की जे झटपट वाढेल ते लावावे, ही वृत्ती सोडली पाहिजे. त्या जागेचे मूळ गवत कोणते, हा प्रश्न आधी विचारावा.

घाणेरीच्या बाबतीत दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात हेच तत्त्व वापरले. त्यांनी घाणेरीचे झुडूप वरून तोडले नाही, कारण तोडलेल्या खोडास पुन्हा धुमारे फुटतात. खोड व मूळ यांच्या सांध्याच्या थोडे खाली, जमिनीच्या आत कुदळीने मूळ तोडून झुडूप उलटे करून ठेवले. पक्षी जेथे बसतात त्या झाडांखाली उगवणारी रोपे वारंवार काढली, आणि मोकळ्या जागेत तेथील मूळची गवते आणली. उपटणे व लावणे ही दोन्ही कामे एकत्र झाल्यानेच तेथे गवताळ राने परत उभी राहिली.

गायरानासाठी वर्षाचा कार्यक्रम

वरील विवेचनाच्या आधारे गावाने पुढीलप्रमाणे कार्यक्रम आखावा.

रोहिणी नक्षत्रापूर्वी: गायरानाची शिवारफेरी करावी. गायरानाचा साधा नकाशा काढून चांगले गवत असलेला भाग, मिश्र भाग व पूर्ण तणाचा भाग अशा तीन खुणा कराव्यात. कामास नेहमी चांगल्या भागाच्या कडेपासून आरंभ करावा. सर्वांत वाईट भाग आधी हाती घेतल्यास श्रम व पैसा तेथेच संपतो आणि तोपर्यंत चांगला भागही हातचा जातो.

आर्द्रा ते पुष्य: पाऊस सुरू झाल्यापासून तीन-चार आठवड्यांत, जमीन ओली असताना, गाजर गवत मुळासकट उपटावे. फूल येण्यापूर्वी उपटलेल्या तणाचे कंपोस्ट खत करता येते. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. तो लोकशिक्षणास उपयुक्त आहे. परंतु पहिल्या उपटणीसाठी त्याची वाट पाहू नये, कारण जूनमध्ये उगवलेली झाडे तोपर्यंत फुलावर आलेली असतात. त्या सप्ताहात दुसरी उपटणी करावी.

उपटताना हातमोजे घालावेत, ते नसल्यास हातास जाड फडके किंवा प्लास्टिकची पिशवी बांधावी. अंगभर कपडे व नाकातोंडास रुमाल असावा. ज्यांना दमा किंवा त्वचेचा विकार आहे त्यांना या कामावर घेऊ नये. शाळेतील मुलांकडून हे काम करवून घेऊ नये. फुलावर आलेली झाडे न झटकता गोळा करून खड्ड्यात वाळवून नष्ट करावीत. त्यांचे खत करू नये.

तणनाशकाचा वापर गायरानात शक्यतो टाळावा. सर्व हिरवे मारणारे तणनाशक गाजर गवताबरोबर मारवेलही मारते व जमीन पुन्हा उघडी करते. मिठाच्या तीव्र द्रावणाची फवारणी कोठे कोठे केली जाते. तीही गवताच्या जमिनीत करू नये, कारण मिठाने जमीन बिघडते. रस्त्याच्या कडेस वा पडक्या जागेत औषध वापरावयाचे असेल तर कृषि विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे व डब्यावरील सूचनांनुसारच वापरावे.

श्रावण-भाद्रपद: मोकळ्या झालेल्या जागेत त्याच पावसात गवत लावावे. मारवेलची लागण ठोंबांनी चांगली होते. शिवारातीलच जोमदार ठोंब फोडून समपातळीत काढलेल्या उथळ सऱ्यांत लावावेत. महात्मा फुले कृषि विद्यापीठ, राहुरी येथे मारवेल गवतावर काम झाले असून तेथे बेणे व मार्गदर्शन यांची चौकशी करता येईल.

आश्विन-कार्तिक: पवन्या, शेडा व डोंगरी यांचे पक्व बी गायरानाच्या चांगल्या भागातून, बांधांवरून व गड-टेकड्यांवरून गोळा करावे. ताजे बी पुष्कळदा नीट उगवत नाही. म्हणून ते सावलीत वाळवून, पोत्यात भरून कोरड्या जागी पुढील पावसाळ्यापर्यंत ठेवावे. हे बी हलके व केसाळ असल्याने वाऱ्याने उडते. त्यासाठी शेण व माती यांत ते कालवून लहान गोळ्या कराव्यात आणि मृगाच्या तोंडावर टाकाव्यात. सोबत बरबड्याचे बी मिसळावे.

चराईचा नियम: लागण केलेला भाग दोन वर्षे चराईस बंद ठेवावा; मात्र बी गळून पडल्यावर गवत कापून नेण्यास मुभा असावी. त्यानंतर गायरानाचे तीन किंवा चार भाग करून पाळीपाळीने चराई करावी. बंद भागातून कापलेल्या गवताचा पहिला हक्क भूमिहीन पशुपालकांचा, असा ठराव ग्रामसभेने आधीच करावा. ज्यांचे गायरान सर्वांत आधी बंद होते त्यांनाच लाभ सर्वांत शेवटी मिळाला, तर कोणतीही चराईबंदी टिकणार नाही आणि टिकूही नये.

दक्षता: बाहेरून आलेला मुरूम, माती, कच्चे शेणखत, रोपवाटिकेतील रोपांच्या पिशव्या व मळणी-कापणीची यंत्रे यांतून नवे बी येते. यंत्र गावात घेताना साफ करून घ्यावे. गायरानात अनोळखी झुडूप दिसल्यास ते फुलण्यापूर्वी कृषि कार्यालयास दाखवावे. दहा झाडे उपटण्यास एक माणूस पुरतो. दहा एकर उपटण्यास गाव पुरत नाही.

कार्याचे मोजमाप

या कामाचे यश किती ट्रॉल्या तण उपटले यावर मोजू नये. गायरानात चार-पाच ठिकाणी खुणेचे दगड पुरून, प्रत्येक दगडाजवळ एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकटीत गवताचे ठोंब किती, शेंगावर्गीय वनस्पती किती व गाजर गवताची झाडे किती, हे दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास मोजून वहीत लिहावे. ही नोंद शाळेतील वरच्या वर्गातील मुलेही ठेवू शकतील. मात्र त्यांनी तणास हात न लावता मोजणी करावी. गवताचा आकडा वर जात असेल तर काम योग्य दिशेने चालले आहे असे समजावे. तणाचा आकडा खाली जाऊनही गवताचा आकडा वाढत नसेल तर जागा अद्याप मोकळीच आहे व नव्या पाहुण्यास आमंत्रण देत आहे, हे ओळखून लागण वाढवावी.

मातीत अनेक वर्षांचे बी साठलेले असल्याने एका वर्षात गाजर गवत नाहीसे होणार नाही. परंतु सलग काही वर्षे फूल धरण्यापूर्वी उपटणी, मूळ गवताची लागण व नियमित चराई ही तिन्ही कामे चालू राहिली तर मारवेल व पवन्या आपली जागा पुन्हा घेतात आणि पुढील राखण बव्हंशी गवतच करते. ज्या गावांच्या गायरानात आज या गवतांचे थोडे जरी ठोंब शिल्लक आहेत, त्यांनी येत्या पावसाळ्यात त्या ठोंबांभोवतालच्या जागेपासूनच कामास प्रारंभ करावा.